नुसते टाके की जाळी?

प्रश्न: वय ५१. दोन सिझर झालीत, नंतर पिशवी पण काढली. आता त्याच जुन्या टाक्यांवर बेंबीखाली फुगा येतो, खोकलं की मोठा होतो, आडवं पडलं की आत जातो. सीटी स्कॅनमधे ५ सेंमीचं भोक निघालं. एक डॉक्टर म्हणतात ओपन करून जाळी बसवू, दुसरे म्हणतात दुर्बिणीने. जाऊबाई म्हणतात जाळी आत सडते, नुसते टाके घालून घे. पट्टा बांधून भागेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, हा जुन्या टाक्यांच्या जागचा हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीला पडलेलं भोक. जाऊबाईंना सांगा जाळी सडत नाही, ती पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकची असते, न विरघळणारे टाकेपण त्याचेच येतात. हां, इन्फेक्शन झालं तर क्वचित काढावी लागते, ते नाकारत नाही. पण नुसते टाके म्हणजे जी जागा एकदा उसवली तीच परत ताणून शिवायची. हॉलंडमधल्या डॉक्टरांनी २००० साली छापलेल्या अभ्यासात, पहिल्यांदाच दुरुस्ती केलेल्यांमधे टाकेवाल्या ४३ टक्क्यांना तीन वर्षांत हर्निया परत आला, जाळीवाल्या २४ टक्क्यांना. म्हणजे जाळीपण गॅरंटी नाहीच, पण फरक बघा ना.

ओपन की दुर्बीण यापेक्षा दोन्ही डॉक्टरांना एकच विचारा, जाळी कुठल्या थरात ठेवणार? पोटाच्या उभ्या स्नायूच्या मागे, पण आतड्यापासून वेगळी, ही जागा मला सगळ्यात बरी वाटते, आतून दाब आला की जाळी स्नायूवरच चेपली जाते आणि साधी जाळी चालते. ओपनमधे ते जमतं, आणि ई-टेप नावाच्या दुर्बिणीच्या पद्धतीतपण जमतं. जाळी थेट पोटाच्या आत, आतड्याला लागून ठेवणार असतील तर कोटिंगवाली लागते, ती महाग, पण तिथे साधी टाकली तर आतडं चिकटतं, सो पैसे वाचवायची ही जागा नाही. दुर्बिणीत जखमेचं इन्फेक्शन कमी होतं हे खरं, पण ज्यांचा ज्यात हात बसलाय त्यांच्याकडून तेच करून घ्या.

पट्ट्याने फुगा दबतो, भोक बुजत नाही. आधी शुगर आटोक्यात आणा, वजन थोडं उतरवा, आणि मिश्री लावत असाल तर महिनाभर आधीच बंद, ती पण तंबाखूच आहे आणि जखम भरू देत नाही.

फुगा आत जाईना, दुखायला लागला, उलट्या झाल्या, गॅस अडकला, तर तारखेची वाट बघू नका, रात्र असली तरी त्याच वेळी हॉस्पिटल गाठा.