सर्व्हर बंद, विमान हवेत

या वेळी प्रश्नांच्या गठ्ठ्यात घरबसल्या कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्यांची पत्रं बरीच निघाली आणि सगळ्यांचं दुखणं एकच, ते म्हणजे ठरवून केलेलं सर्व्हर मेन्टेनन्स. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्लाइट सिम्युलेटर आपल्या कॉम्प्युटरवर चालतो, पण व्हॅटसिम किंवा आयव्हीएओसारख्या नेटवर्कला जोडला की जगभरातली माणसं एकाच आकाशात दिसायला लागतात, कोणी पायलट, कोणी एटीसी कंट्रोलर म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणारा, आणि रेडिओवर खऱ्यासारखं बोलणं चालतं. आयव्हीएओ 1998 पासून आहे, व्हॅटसिम 2001 पासून, आणि दोन्ही स्वयंसेवक चालवतात, फी नाही. आता प्रश्नांकडे वळू.

प्रश्न : मी ज्या नेटवर्कवर उडतो तिथे नोटीस होती, "रविवार 1900Z ते 2300Z मेन्टेनन्स". मी समंजसपणे रात्री 7 ते 11 थांबलो, जेवून घेतलं, आणि सव्वाअकराला मुंबईहून मस्कतला निघालो. साडेबाराला अरबी समुद्रावर असताना रेडिओ एकदम गप्प झाला, आजूबाजूची सगळी विमानं गायब. नोटीस पाळूनही असं का? आणि माझी फ्लाइट वाया गेली का? — एक वाचक, नाशिक

तुम्ही नोटीस वाचलीत, थांबलात, हे खरंच चांगलं केलंत, बरेच जण तेही करत नाहीत. घोटाळा त्या Z मध्ये आहे. Z म्हणजे झुलू, म्हणजे यूटीसी, जगाची प्रमाणवेळ, सगळं विमान जग याच घड्याळावर चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. 1900 मध्ये साडेपाच तास मिळवा, रात्रीचे साडेबारा होतात, आणि तारीख बदलून सोमवार लागतो. म्हणजे मेन्टेनन्स आपल्याकडे रविवारी नव्हतंच, सोमवारी पहाटे 00:30 ते 04:30 होतं. तुम्ही नेमके बंद व्हायच्या सव्वा तास आधी उडालात. हा तारीख बदलायचा भाग फार जणांना फसवतो, वेळ बरोबर काढतात आणि वार चुकतात. साधा नियम असा की 1830Z नंतरचं काहीही दिसलं की आपल्याकडे दुसरा दिवस उजाडलेला असतो. मी टेबलावर एक दुसरं छोटं घड्याळ झुलूवर लावून ठेवलंय, जुनं, शंभर-दीडशेचं असेल, पण त्याने हा त्रास कायमचा गेला.

आता फ्लाइटचं. विमान तुमच्या कॉम्प्युटरवर उडत असतं, नेटवर्क फक्त तुमची जागा बाकीच्यांना सांगतं आणि त्यांची तुम्हाला. व्हॅटसिमवर पूर्वी ही देवाणघेवाण साधारण 5 सेकंदांनी एकदा व्हायची, 2022 च्या व्हेलॉसिटी अपडेटनंतर जवळच्या विमानांसाठी सेकंदाला 5 वेळा होते. ते थांबलं की बाकीच्यांच्या दृष्टीने तुम्ही नाहीसे होता, तुमच्या दृष्टीने ते. पण तुमचं इंजिन चालू, ऑटोपायलट चालू, मस्कत जिथे होतं तिथेच. उतरून घ्यायचं होतंत निवांत. नेटवर्कवरचे तास जोडलेले होता तेवढेच धरले जातील, पण एखाद्या व्हर्च्युअल एअरलाइनचा, म्हणजे सिम्युलेटरवाल्यांनी हौसेने काढलेल्या विमान कंपनीचा, ट्रॅकर वेगळा चालवत असाल तर तो आपली नोंद स्वतः ठेवतो, त्यात बघा.

आणि पुढच्या वेळी मधेच तुटून परत जोडायची वेळ आली तर घाईने कनेक्टचं बटण दाबू नका. आधी पॉज करा, कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं तुमच्या विमानाचं नाव, तोच आहे ना बघा, फ्लाइट प्लॅन परत फाइल करा, आणि कंट्रोलर असेल तर जोडल्या जोडल्या त्याला सांगा की लाइन तुटली होती, या उंचीवर आहे, या दिशेने चाललोय. त्या माणसाच्या रडारवर अचानक एक ठिपका उगवतो तेव्हा त्याने बाकीच्या विमानांची रांग आधीच लावलेली असते. जमिनीवर असाल तर पार्किंगमध्ये जा आणि मगच जोडा, चालू धावपट्टीवर प्रकट होणं व्हॅटसिमच्या नियमात बसत नाही.

प्रश्न : माझा नववीतला मुलगा या विमानांच्या नादात आहे. परवा सकाळपासून त्याचं तोंड उतरलेलं, काय तर म्हणे सर्व्हर सहा तास बंद. मला कळत नाही, बँका-बिंका चालू राहतात मग यांना चालू ठेवून दुरुस्ती का करता येत नाही? आणि बंदच करायचं तर रात्री करावं ना, सुट्टीच्या दिवशी सकाळी कशाला? — एक आई, पुणे

ताई, बँकेचं अ‍ॅपही मध्यरात्री "सेवा तात्पुरती बंद" म्हणतं बघा, फक्त आपण तेव्हा झोपलेलो असतो. चालू ठेवून दुरुस्ती करता येते, पण त्यासाठी प्रत्येक गोष्टीची जोडी लागते, दोन सर्व्हर, दोन डेटाबेस, एकावर काम चालू असताना दुसऱ्याने भार घ्यायचा. त्याला पैसे लागतात आणि चोवीस तास पगारी माणसं लागतात. वर्गणी न घेता, नोकरी सांभाळून रात्री-अपरात्री काम करणाऱ्या स्वयंसेवकांकडून ती अपेक्षा ठेवणं मला तरी बरोबर वाटत नाही.

आणि काही कामं अशी असतात की जोडी असली तरी थांबावंच लागतं. सदस्यांचा डेटाबेस नव्या व्हर्जनवर न्यायचा असेल तर मधे कोणी नवी नोंद केली की ती जुन्यात राहते आणि नव्यात येत नाही. डिस्क बदलायची असते, सिक्युरिटी पॅचनंतर मशीन रिस्टार्ट करायचं असतं, कधी अख्खा सर्व्हर एका डेटा सेंटरमधून दुसरीकडे हलवायचा असतो. सहा तास म्हणतात त्यातलं खरं काम कधी दीडच तासाचं असतं, बाकीचा वेळ बॅकअप घ्यायला, झालेलं काम तपासायला आणि बिघडलंच तर जुनं परत लावायला राखून ठेवलेला असतो.

रात्रीच करतात हो, फक्त त्यांच्या रात्री. या नेटवर्कवर बहुतांश लोक युरोप-अमेरिकेतले. दोन्हीकडे कमीत कमी माणसं असतील असा वेळ शोधायला गेलं की तो आपल्या सकाळ-दुपारवर येतो. उदाहरणार्थ 0700Z, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटलेली असते आणि आपल्याकडे साडेबारा, ऐन जेवणाची वेळ. आपल्यावर अन्याय वगैरे नाही, माणसं मोजली की हिशोब तिथेच जातो. भारतातून उडणारे वाढले की तोही बदलेल.

मुलाला एक गोष्ट दाखवा, त्याला आवडेल. आपल्या मुंबई विमानतळावरही हेच होतं. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर दोन्ही धावपट्ट्या दुरुस्तीसाठी एक दिवस सहा तास बंद ठेवतात, 17 ऑक्टोबर 2024 ला सकाळी 11 ते संध्याकाळी 5 अशा होत्या. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे छेदाच्या जागी काम काढलं की दोन्ही थांबतात. पण कित्येक महिने आधी नोटॅम निघतो, नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, त्यामुळे एअरलाइन्स वेळापत्रक आधीच बदलून घेतात आणि त्या दिवशी गोंधळ होत नाही. न सांगता झालेला बिघाड बघायचा असेल तर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2024 आठवा, 19 नोव्हेंबर 2024 ला बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी सर्व्हरवर इतका भार आला की असंख्य लोक लोडिंगच्या पट्टीकडेच बघत बसले. सहा तास सांगून बंद केलेलं केव्हाही परवडलं.

प्रश्न : आम्ही पन्नास-साठ मित्रांनी मिळून एक छोटी व्हर्च्युअल एअरलाइन काढलीये, भाड्याच्या एका मशीनवर वेबसाइट, फ्लाइट बुकिंग आणि लॉगबुक चालतं. आता ते मशीन बदलायचंय. पहिल्यांदाच करतोय, पोरं चिडू नयेत म्हणून काय करावं? — एक वाचक, कोल्हापूर

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं कारण बदलायच्या आधी विचारणारे कमी, नंतर विचारणारेच जास्त.

सगळ्यात आधी बॅकअप, आणि बॅकअप म्हणजे फाइल बनवून ठेवली एवढंच नाही, ती दुसऱ्या मशीनवर उघडून, लॉगबुकमधल्या चार-पाच नोंदी डोळ्यांनी बघून मगच त्याला बॅकअप म्हणायचं. आमच्या ग्रुपमध्ये रोज रात्री आपोआप बॅकअप व्हायचा, मी वर्षभर निश्चिंत होतो. मशीन हलवायच्या रात्री जुनी डिस्क बंद केली, फाइल उघडायला गेलो तर ती अर्धीच, बॅकअपची जागा भरली होती आणि नऊ दिवस प्रत्येक फाइल मधेच कापली जात होती. दहाव्या दिवसाची चांगली मिळाली. पण त्या नऊ दिवसांत एका मुलाने पहिली लांब पल्ल्याची फ्लाइट केली होती, मुंबई-लंडन, ती लॉगबुकमधून गेली. त्याला फोन करून सांगायला मला फार जड गेलं. म्हणून म्हणतो, उघडून बघा.

दुसरं, परत फिरायची वेळ आधी ठरवा. तुम्ही आयएलएसने, म्हणजे धावपट्टीवरच्या रेडिओ सिग्नलच्या आधाराने, उतरता तेव्हा कॅटेगरी वन या साध्या प्रकारात 200 फुटांवर धावपट्टी दिसली नाही की गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर, तिथे "अजून थोडं खाली जाऊन बघू" चालत नाही. इथेही तसंच. 1 ते 5 बंद ठेवणार असाल तर कागदावर लिहून ठेवा की साडेतीनपर्यंत नवीन मशीनवर लॉगिन आणि बुकिंग चाललं नाही तर जुनं परत चालू करायचं, कारण जुनं लावायला आणि तपासायलाही तासभर लागतो. पहाटे चार वाजता थकलेल्या डोळ्यांनी घेतलेले निर्णय फसतात, म्हणून निर्णय संध्याकाळीच घेऊन ठेवायचा. जुनं मशीन निदान आठवडाभर सोडू नका, भाडं गेलं तर जाऊ दे.

वेबसाइटचा पत्ता नव्या मशीनकडे वळवणार असाल तर डीएनएसमधला (नावावरून मशीन शोधून देणाऱ्या यादीतला) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा, एक-दोन दिवस आधी 300 सेकंदांवर आणा, नाहीतर तुमचं काम होऊनही निम्मी पोरं उद्यापर्यंत जुन्याच मशीनवर जात राहतील आणि तिथेच बुकिंग करतील. जुन्यावर नवी नोंद घेणं बंद करून फक्त वाचायला ठेवता आलं तर फारच उत्तम.

आता सांगायचं कसं. आठवडाभर आधी एकदा, आदल्या दिवशी एकदा आणि तासभर आधी शेवटचं. तुमचे सगळे जण भारतात असतील तर वेळ भारतीयच लिहा, कोणी दुबईत-जर्मनीत असेल तर झुलू आणि भारतीय दोन्ही, वारासकट आणि तारखेसकट. काय बंद राहील हे लिहाच, पण काय चालू राहील हेही लिहा, म्हणजे "बुकिंग आणि लॉगबुक बंद, नेटवर्कवर उडता येईल, फ्लाइटची नोंद नंतर हाताने घालू" असं. पोरं बंदमुळे चिडत नाहीत हो, आपली फ्लाइट मोजली जाणार की नाही हे कळलं नाही की चिडतात. आणि उशीर होणार असेल तर ठरलेली वेळ संपायच्या आधी सांगा, संपल्यावर नाही. चालू झाल्यावरही दोन ओळी टाका, काय केलं, काय राहिलं.

ग्रुप फ्लाइटच्या दिवशी हे अजिबात करू नका.

प्रश्न : नेटवर्क बंद असतं तेव्हा सुट्टीचा दिवस फुकट जातो. तेवढ्या वेळात काय करावं? — एक वाचक, न्यू जर्सी

फुकट नका घालवू. एक्स-प्लेन या सिम्युलेटरचं दृश्य तुमच्याच डिस्कवर असतं, मायक्रोसॉफ्टच्या 2020 च्या सिम्युलेटरलाही ऑफलाइन मोड आहे. नेव्हिगेशन डेटा जुना झाला असेल तर अपडेट करून घ्या, एआयआरएसी सायकल, म्हणजे या डेटाची जगभर ठरलेली आवृत्ती, दर 28 दिवसांनी गुरुवारी बदलते.

आणि मला विचाराल तर अशा दिवशी कराची-अहमदाबाद-जुहू उडा. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा टपालाच्या थैल्या घेऊन पुस मॉथ या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून याच मार्गाने मुंबईला आले, विमानात रेडिओ नव्हता. नेटवर्क बंद असताना तुम्हीही त्याच स्थितीत असता. जीपीएस बंद करा, पुस मॉथ मिळालं नाही तर कुठलंही हळू छोटं विमान घ्या, ताशी शंभरेक मैलाचं, खाली नकाशा आणि होकायंत्र एवढंच ठेवा. अहमदाबादनंतर खंभातचं आखात लागलं की समुद्र उजव्या हाताला धरून दक्षिणेला या, वसईची खाडी ओलांडली की उंची कमी करायला लागा. जुहू अजून सिम्युलेटरमध्ये आहे, कोड VAJJ, धावपट्टी आखूड आणि तिचं पश्चिमेचं टोक समुद्राच्या अगदी जवळ, त्यामुळे पूर्वेकडे तोंड करून उतरलात तर जवळजवळ शेवटपर्यंत खाली पाणीच दिसतं.