छातीत दुखतंय पण ईसीजी नॉर्मल आहे, मग तुमच्याकडे आणू का?

मागच्या महिन्यात एका ताईंचा मेसेज आला. नवरा 46 वर्षांचा, दोन महिने झाले अधूनमधून डाव्या बाजूला छातीत दुखतं, एकदा ईसीजी काढला तो नॉर्मल आला, दवाखान्यात म्हणाले टेन्शन आहे, तर समुपदेशनाला घेऊन येऊ का. असा प्रश्न मला सारखाच येतो. काही वर्षांपूर्वी मी लगेच "या की" म्हणून वेळ देऊन टाकली असती. आता देत नाही, आधी चार प्रश्न विचारते. ते का विचारायला लागले त्यामागे दोन माणसं आहेत, त्यांना विचारूनच सांगतेय, आणि ओळख पटेल असं जे जे होतं ते बदललंय.

पहिले ते, त्यांना आपण बँकवाले म्हणू. वय 36, साताऱ्यातच नोकरी. वडील 52 व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, सकाळी चहा पिता पिता. हे पहिल्यांदा आले तेव्हा हातात फाईल, फाईल कसली, बाडच होतं. चार महिन्यांत तीनदा रात्री दोनला इमर्जन्सीत जाऊन आलेले, ईसीजी सात, ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी दोनदा, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, टीएमटी म्हणजे ते पट्ट्यावर पळवतात ते, सगळं नॉर्मल. आणि हातात घड्याळ, दर दोन मिनिटांनी नाडी बघायची. मी बोलत होते तेव्हाही बघत होते!

मी विचारलं, कुठं दुखतं दाखवा. त्यांनी एक बोट डाव्या बाजूला बरोबर एका जागी टेकवलं, "इथं, सुई टोचल्यासारखं." किती वेळ? कधी दोन सेकंद, कधी दिवसभर. काय करताना? टीव्ही बघताना, झोपायला गेल्यावर, एकदा मीटिंगमध्ये. चालताना? "चालतच नाही मॅडम, भीती वाटते." पूर्वी हा माणूस रविवारी अजिंक्यतारा किल्ल्यावर चढून जायचा, तेही सोडून दिलं होतं.

रात्रीचे जे झटके यायचे ते वेगळे होते. छातीत धडधड, श्वास पुरत नाही असं वाटणं, बोटांना मुंग्या, ओठ बधिर, आता आपण गेलोच ही खात्री, आणि हे सगळं पाच-दहा मिनिटांत टोकाला जाऊन मग हळूहळू उतरायचं. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत निम्मं कमी झालेलं असायचं. हा पॅनिक अटॅक. घाबरून माणूस भराभर श्वास घेतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मुंग्या आणि चक्कर, आणि मुंग्या आल्या की डाव्या हाताला मुंग्या म्हणजे अटॅकच, असं डोकं सांगतं, की पुन्हा श्वास भराभर.

हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही. म्हणून त्यांच्या डॉक्टरांना फोन करून, हृदय नीट तपासलंय ना आणि हा व्यायाम चालेल ना हे विचारून घेतलं, आणि मग एक मिनिट खुर्चीत बसून मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावला. (घरी कुणी करून बघू नका, दमा असेल, हृदयाचं काही असेल तर अजिबात नाही.) चाळीस सेकंदांत बोटं वाकडी व्हायला लागली आणि ते ओरडलेच, "हेच! हेच होतं मला!" घाबरले पण आणि हसले पण. चार महिने इतक्या मशिनी जे दाखवू शकल्या नाहीत ते खुर्चीत बसल्या बसल्या दिसलं.

पुढचं काम मात्र कंटाळवाणं होतं. खरी अडचण ईसीजीचीच होती. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टनं दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी "त्या दिवशी नव्हतं, आज असेल तर?" खाज सुटली की खाजवायचं तसं. म्हणून डॉक्टर, ते, त्यांची बायको आणि मी अशा चौघांनी मिळून ठरवलं की लक्षणं नेहमीचीच असतील तर नवा ईसीजी नाही, काही वेगळं वाटलं तर थेट त्यांच्याच डॉक्टरांकडे. घड्याळ कपाटात. मग आधी दोन जिने, मग चार, मग अजिंक्यतारा. पहिल्या रविवारी बायकोनं पाठीवरच्या सॅकमध्ये ती अख्खी फाईल घेतली होती, वर कुणी डॉक्टर भेटला तर दाखवायला. तिसऱ्या रविवारी फाईल घरी राहिली.

आता वाटेल की बाई सांगताहेत की सगळं मनाचंच असतं. थांबा. दुसरी मावशी.

58 वर्षांच्या, बारा वर्षं डायबेटिस, मुलगा घेऊन आला. आईचं सुनेशी पटत नाही, फार टेन्शन घेते, मग छातीत कसंतरी होतं, पित्ताच्या गोळ्या चालू आहेत, ईसीजी नॉर्मल. मी विचारलं, मावशी, छातीत दुखतं का? "न्हाय ओ, दुखत काय न्हाय." झालं, मी लिहिलं, छातीत दुखत नाही. दोन सेशन आम्ही सुनेवर बोललो आणि पोटानं श्वास घ्यायचं शिकलो. हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

तिसऱ्या वेळी त्यांना यायला उशीर झाला. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. खाली बघायला गेले तर मावशी जिन्यात बसलेल्या, घाम आलेला, मूठ आवळून छातीच्या मधोमध धरलेली. मी घाबरले, त्या म्हणतात कशा, "काय न्हाय, आत्ता जाईल, रोजचंच हाय." आणि खरंच तीन-चार मिनिटांत गेलं. मग विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. "दुखत न्हाय ओ, नुसतं आवळल्यावानी व्हतंय, हितनं जबड्यापर्यंत." चढ लागला की होतं, बसलं की जातं, जेवून लगेच चाललं तर लवकर होतं. बाजारातनं पिशवी घेऊन घरी येताना तीनदा थांबायच्या, आणि कुणाला कळू नये म्हणून साड्यांच्या दुकानाकडे बघत उभ्या राहायच्या. जबड्यासाठी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन एक दाढसुद्धा काढून झालेली!

त्याच दिवशी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. पुन्हा काढलेला ईसीजी तेव्हाही जवळपास नॉर्मल. टीएमटी मात्र दुसऱ्याच टप्प्यावर थांबवावी लागली, मग अँजिओग्राफी, हृदयाच्या पुढच्या मुख्य नळीत 90 टक्के अडथळा. स्टेंट बसवला, जनआरोग्य योजनेत बसलं म्हणून मुलाचा जीव भांड्यात पडला.

ईसीजी नॉर्मल कसा, हे मुलानं मला रागानं विचारलं होतं. उन्हाळ्यात नळाला दाब कमी असतो तेव्हा एक तांब्या भरायला काही अडत नाही, वरच्या मजल्यावर दोन नळ एकदम सोडले की कळतं पाणी किती आहे ते. हृदयाचंही तसंच. माणूस शांत पडलेला असताना अरुंद नळीतनं येणारं रक्त पुरतं, आणि ईसीजी तर पडलेल्या माणसाचाच काढतात. चढ चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं आणि तिथं ते कमी पडतं, तेच आवळणं म्हणजे अँजायना. म्हणून एका नॉर्मल ईसीजीवर अँजायना नाही असं म्हणता येत नाही.

आणि सुनेचं टेन्शन? तेही खरंच होतं! भांडण झालं की आवळायचं, कारण रागानं नाडी आणि बीपी वाढतं, हृदयाला चढ चढल्यासारखंच होतं. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन हंटर नावाचे मोठे सर्जन होते, त्यांना अँजायना होता, आणि मला चिडवेल त्या कुठल्याही लुच्च्याच्या हातात माझा जीव आहे असं ते म्हणायचे म्हणे. 1793 मध्ये हॉस्पिटलच्याच मीटिंगमध्ये वादावादी झाली आणि तिथंच गेले. तेव्हा टेन्शननं होतं म्हणजे हृदयाचं नाही, हा हिशोब मुळातच चुकीचा आहे, आणि आमच्या धंद्यातली माणसं तो सर्रास करतात, मीही केला.

त्या दिवसापासून मी "दुखतं का" एवढंच विचारून थांबत नाही. दुखणं हा शब्दच अँजायनाला बसत नाही, लोक म्हणतात आवळतं, दडपतं, भरून येतं, कुणी छातीवर बसल्यासारखं वाटतं. बोट दाखवतात का तळवा किंवा मूठ ठेवतात ते बघते. कशानं येतं, कशानं जातं, किती वेळ राहतं. बोटानं दाबलं की तिथंच दुखतंय, कूस बदलली की वाढतंय, तर बहुतेक बरगडीच्या सांध्याचं किंवा स्नायूचं. जेवून आडवं पडल्यावर जळजळ वर येते ती बहुतेक ॲसिडिटी. खोल श्वास घेतला की कळ येते तर फुफ्फुसाच्या आवरणाला सूज असू शकते, छाती तपासून घ्यायची. एकीला तर एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत होती, चार दिवसांनी फोड उठले, नागीण निघाली. पण यातलं "बहुतेक" विसरू नका, मी डॉक्टर नाही, आणि डायबेटिसवाल्यांना, म्हाताऱ्या माणसांना आणि बऱ्याच बायकांना नुसता दम लागतो, मळमळतं, गळून जायला होतं, छातीत काहीच नाही.

आपल्याकडं सगळ्यात घातक शब्द कुठला विचाराल तर "गॅस". अर्धी रात्र ओवा आणि सोडा पिण्यात जाते. बसल्या जागी आवळायला लागलं आणि दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, घाम सुटला, उलटी झाली, किंवा रोजचा अँजायना आता कमी श्रमातच यायला लागला, तर 108 ला फोन करायचा, स्वतः गाडी चालवत जायचं नाही, आणि पॅनिक असेल का याचा विचार तिथं पोचल्यावर. दहा वेळा पॅनिक निघालं तरी चालेल. शेजारच्या आजोबांची अँजायनावरची सॉर्बिट्रेट गोळी जिभेखाली ठेवून "उतरलं म्हणजे हार्टच" हेही नको, त्या गोळीनं अन्ननलिकेचा पेटकाही सैल होतो, आणि बीपी पडून माणूस कोसळतो ते वेगळंच.

तर त्या ताईंना मी हेच विचारलं, कुठं, कसं, कशानं येतं, कशानं जातं. त्यांनी नवऱ्याला विचारून कळवलं: एका बोटाची जागा, दाबलं की दुखतं, पाण्याचे कॅन उचलल्यावर सुरू झालं, जिना चढताना काही नाही. ऐकायला स्नायूचं वाटत होतं. पण 46 वय, वीस वर्षं सिगरेट, शुगर कधी तपासलेलीच नाही. म्हणलं आधी फिजिशियनला दाखवा, शुगर, कोलेस्टेरॉल बघू दे, त्यांना वाटलं तर टीएमटी, मग माझ्याकडे.

परवा त्यांचा फोन आला. टीएमटी चांगली झाली, शुगर मात्र 210 निघाली, गोळी सुरू केली. आणि डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये नवऱ्यानं सांगितलं की भावासाठी जामीन राहिलोय, बँकेची नोटीस आलीय, तुला सांगायची हिंमत होत नव्हती. "आता आणू का?" त्यांनी विचारलं.

गुरुवारी साडेपाचची वेळ दिली आहे, दोघांना.