पामचा पोंगा हातात आला तर

थंडी सुरू झाल्यापासून तुमचा ट्रॅकीकार्पस (थंडी सोसणारा, पंख्यासारख्या पानांचा पाम) प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता, उघडल्यावर मधला पोंगा, म्हणजे न उलगडलेलं कोवळं पान, ओढला तर अलगद हातात आला आणि आतून कुजका वास येतोय. झाड काढून टाकू का, असं विचारलंय. एवढ्यात नका काढू.

एकच खोड असलेल्या पामला वाढीचा कोंब एकच. तो गेला की सगळं संपलं, कारण खालून नवी फूट येत नाही. (केमेरॉप्स या बुटक्या पामला बुंध्याशी पिल्लं असतात, तो त्यातून वाचतो.) पण पोंगा निसटला म्हणजे कोंब मेलाच असं नाही, तो बराच खाली, खोडाच्या आत असतो. प्लास्टिक आजच काढा. पोंग्याच्या जागी साचलेलं पाणी कापडाने टिपून घ्या आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडचं पाणी पाकिटावरच्या प्रमाणात आत ओता. वर पावसापुरतं छप्पर करा, बाजू मोकळ्या ठेवा. हिरवी पानं कापू नका, झाड आता त्यांच्यावरच जगणार आहे. पुढचा अख्खा उन्हाळा वाट बघा. पहिली पानं तुटकी, आखूड निघाली तरी चालेल.

आता चूक कुठे झाली ते. जमिनीत मुरलेला ट्रॅकीकार्पस उणे 15 अंशांच्या आसपासची थंडी काढतो. तुमच्याकडे उणे 9 पर्यंतच गेलं होतं, म्हणजे दोष बहुतेक ओलीचा. प्लास्टिकखाली दिवसा उन्हाने वाफ धरते, रात्री तेच पाणी पोंग्यात उतरून गोठतं. माझा पहिला पाम मी अगदी असाच मारला, आणि वर दोन वर्षं थंडीला शिव्या दिल्या.

पुढच्या हिवाळ्यात मुळांवर वीतभर पालापाचोळा घाला, खोडाला मात्र चिकटवू नका. पानं वर घेऊन सैल बांधा. हवा खेळेल असं बागेचं फ्लीस (झाडं झाकायचं पातळ कापड) किंवा गोणपाट, तेही कडाक्याच्या दिवसांपुरतंच. थंडी ओसरली की सोडायचं. फार उतरलं तर पोंग्याभोवती जुन्या तारेच्या बल्बांची, बाहेर चालणारी माळ सोडा, कापडाला न टेकवता. एलईडीची माळ दिसते छान, ऊब जवळजवळ देत नाही. कुंडीतला पाम असेल तर हे सगळं सोडा आणि थेट आत घ्या, कुंडीत मुळं चहूबाजूंनी गारठतात.

आणि शेंगदाण्याएवढा जरी नवा हिरवा कोंब दिसला, तरी ओढून बघायचा मोह आवरा. शेजारच्या पानावर पेनाने खूण करा, आठवड्याने तो खुणेच्या वर सरकला का ते बघा.