इब्री लोकांस पत्र : पौलाचं की कुणाचं?

तुमचा प्रश्न नव्या करारातल्या या पत्राबद्दल असा की जुन्या इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्ये त्याच्या शीर्षकातच प्रेषित पौलाचं नाव आहे, मग मराठी बायबलात नुसतं 'इब्री लोकांस पत्र' का? मराठी शीर्षक बरोबर आहे. मूळ मजकुरात लेखकाचं नाव कुठेच येत नाही.

पौल प्रत्येक पत्र स्वतःच्या नावाने सुरू करतो. इथे नाव नाही, नमस्कार नाही, पहिल्याच वाक्यापासून प्रवचन सुरू. ग्रीकही वेगळी, घोटीव, नव्या करारातली बहुधा सर्वांत सफाईदार. पण माझ्या मते निर्णायक ओळ २:३ ची (अध्याय २, वचन ३). तारणाची वार्ता प्रभूकडून ऐकणाऱ्यांनी आम्हांला पटवून दिली, असं हा लेखक म्हणतो. गलतीकरांस पत्रात (१:१२) पौल ठणकावतो की मला सुवार्ता कुणा माणसाकडून मिळालेली नाही. तोच माणूस असं लिहील?

मग पौलाचं नाव चिकटलं कसं? शेवटी तीमथ्याचा उल्लेख आहे, तो पौलाचा सोबती. इ.स. २०० च्या आसपासच्या ४६ क्रमांकाच्या पपायरसात (पौलाच्या पत्रांच्या जुन्या हस्तलिखितात) हे पत्र थेट रोमकरांस पत्रानंतर येतं, म्हणजे पूर्वेकडे ते पौलाच्या संग्रहात केव्हाच बसलं होतं. पश्चिमेकडची मंडळी बराच काळ साशंक होती. कार्थेजच्या ३९७ च्या धर्मसभेने केलेल्या शास्त्रग्रंथांच्या यादीत तर 'पौलाची तेरा पत्रं, आणि त्याचंच इब्री लोकांस एक' अशी नोंद आहे. सरळ चौदा म्हणायला जीभ रेटली नसावी!

पर्यायी नावं पुष्कळ. प्राचीन ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियनने पौलाचा सोबती बर्णबाचं सुचवलं, धर्मसुधारक ल्यूथरने अपुल्लोचं. अपुल्लो मला त्यातल्या त्यात पटतो : आलेक्सांद्रियाचा यहूदी, वक्ता, शास्त्रात मुरलेला (प्रेषितांची कृत्ये १८:२४). पण त्याचं स्वतःचं एकही लिखाण उरलेलं नाही, तेव्हा ताडून बघणार कशाशी? १९०० मध्ये जर्मन अभ्यासक हारनाकने प्रिस्किल्लाचं, म्हणजे पौलाच्या एका सहकारी स्त्रीचं, नाव पुढे केलं. कल्पना आकर्षक आहे, पण ११:३२ मध्ये लेखक स्वतःबद्दल बोलताना ग्रीकमध्ये पुल्लिंगी रूप वापरतो. ख्रिस्ती विद्वान ओरिगेनने तिसऱ्या शतकातच हात टेकले होते : कुणी लिहिलं ते देवालाच ठाऊक.

काळाचं म्हणाल, तर रोमच्या मंडळीचा पुढारी क्लेमेंट याचं पत्र साधारण ९६ चं मानतात आणि त्यात या पत्राचे स्पष्ट पडसाद आहेत. म्हणजे हे त्याआधीचं. यज्ञांबद्दल वर्तमानकाळात लिहिलंय म्हणून काही जण ते ७० सालच्या यरुशलेमच्या मंदिरविध्वंसाच्याही आधी नेतात. हा पुरावा कच्चा आहे. लेखक मंदिराबद्दल नव्हे, मोशेच्या निवासमंडपाबद्दल (मंदिराआधीच्या तंबूवजा उपासनास्थळाबद्दल) बोलतोय, आणि यहूदी इतिहासकार योसेफसही विध्वंसानंतर यज्ञांविषयी वर्तमानकाळातच लिहितो.