बलूनवरून एक्स-रे पोलरायझेशन मोजायचंय? आधी नॉइज समजून घे

अरे डिटेक्टर कोणता घ्यायचा हे नंतर बघू, आधी एमडीपीचं (मिनिमम डिटेक्टेबल पोलरायझेशन, म्हणजे नॉइजपासून वेगळं ओळखता येईल असं कमीत कमी पोलरायझेशन) गणित नीट कर. पोलरायझेशन, म्हणजे एक्स-रेचं इलेक्ट्रिक फील्ड किती टक्के एकाच दिशेत आहे, ते निगेटिव्ह येऊच शकत नाही ना, म्हणून सोर्स अजिबात पोलराइज्ड नसला तरी नुसत्या नॉइजमुळे काहीतरी टक्के दिसतातच आणि नवीन माणूस तिथेच फसतो. पोगो प्लस या बलूनवरच्या दुर्बिणीने 2016 मध्ये स्वीडनमधल्या एसरेंजहून उडून क्रॅब नेब्युला बघितला, आकडा आला 20.9 अधिक-उणे 5 टक्के, म्हणजे इतक्या तेजस्वी सोर्सलाही एवढी एरर!

बलून 40 किमीवर गेलं तरी वर थोडी हवा उरतेच, ती 15-20 केईव्हीच्या (एक्स-रेच्या एनर्जीचं एकक) खालचे एक्स-रे खाऊन टाकते, म्हणून तिथे कॉम्प्टन स्कॅटरिंगच (फोटॉन इलेक्ट्रॉनला धडकून दिशा बदलतो ते) वापरतात, फोटॉन इलेक्ट्रिक फील्डच्या काटकोनात जास्त उडतात आणि तो अँगलचा हिस्टोग्राम म्हणजेच तुझा सगळा डेटा. खालच्या एनर्जीला आयएक्सपीई हा अंतराळातला उपग्रह आहेच, 2 ते 8 केईव्ही.

आणि डिटेक्टर फिरवत ठेव, प्लीज! एका बाजूचा पिक्सल थोडा जास्त सेन्सिटिव्ह असला की खोटा सिग्नल तयार होतो, फिरवलं की तो बराचसा धुऊन निघतो. बॅकग्राउंडसाठी सोर्सच्या बाजूचं रिकामं आकाशही मधून मधून बघायचं, वेळ गेला तरी चालेल.