पॅकिंगच्या टेबलापाशी

बेटा, अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू गेल्यावर तुझा प्रश्न मनातून जाईना. ऑनलाइन दुकानाच्या वेबसाइटला जोडायचे तुझे प्लगिन बाजारात आणून चाळीस दिवस झाले, वर्डप्रेसच्या प्लगिन डिरेक्टरीच्या पानावर वापरणाऱ्यांची संख्या अजून 'दहापेक्षा कमी' अशीच दिसते, पैसे भरणारा ग्राहक एकही नाही, आणि आता जाहिरातीवर पंधरा हजार घालावेत, किंमत निम्मी करावी की सगळेच फुकट करून टाकावे, असे तू विचारलेस. तिन्हींना माझे उत्तर 'नाही' असेच आहे, पण ते तोंडावर सांगितले असते तर तू अर्धा चहा टाकून उठली असतीस, म्हणून लिहितो आहे. धीर धर, मेहनत कर वगैरे लिहीत नाही. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर ओटीपीने पक्की करणारे प्लगिन जिने नोकरी सांभाळून, रात्री जागून एकटीने उभे केले, तिला मेहनतीचे धडे देणारा मी कोण?

मला एवढेच विचारायचे आहे, की ज्यांची पार्सले परत येतात अशा किती दुकानदारांच्या पॅकिंगच्या टेबलापाशी तू बसली आहेस? बारा जणांशी फोनवर बोललीस, हे तू सांगितलेस. फोनवर माणूस आपल्याला जे आठवते तेवढेच सांगतो, आणि रोजच्या सवयीचे काम त्याला बहुधा आठवतच नाही.

तू जाणार नाहीस हे ओळखून परवा मीच फैजपूरला जाऊन आलो. माझ्या जुन्या ओळखीतल्या एक ताई केळीचे वेफर्स, बिबड्या आणि उडदाचे पापड घरून ऑनलाइन विकतात. दुकान वूकॉमर्सवर, म्हणजे तुझे प्लगिन ज्याला जोडतात त्याच दुकानाच्या सॉफ्टवेअरवर आहे, म्हणून त्या तुझ्याच गिऱ्हाइकांपैकी. पुढच्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर चिकटपट्टीचे रोल, वजनकाटा आणि लेबल छापायचे लहानसे यंत्र. पण सगळा कारभार चालतो तो त्या यंत्राशेजारी पडलेल्या शंभर पानी वहीवर. सकाळी आलेल्या कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी त्या वहीत उतरवतात, दुपारी जेवण झाले की एकेकाला फोन लावतात, 'हो' म्हणणाऱ्यासमोर बरोबरची खूण करतात, आणि फोन न उचलणाऱ्यासमोर नुसते गोल काढून ठेवतात. साडेचारला कुरिअरचा मुलगा आला की गोल असलेल्यांपैकी कोणाचे पार्सल द्यायचे आणि कोणाचे थांबवायचे, हे त्या पत्ता वाचून ठरवतात. नुसते 'मारुती मंदिरासमोर' एवढेच लिहिलेले असेल आणि पिनकोड गावाशी जुळत नसेल, तर ते पार्सल थांबते. मी तिथे असताना परत आलेले एक पाकीट त्यांनी माझ्या हातात ठेवले. आत वेफर्सचा भुगा झालेला, जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही भाडे त्यांच्याच माथी, आणि माल पुन्हा विकण्याजोगा राहिलेला नाही.

तुझ्या ओटीपीबद्दल मी त्यांना सांगितले, तेव्हा त्या हसल्या. त्यांचे निम्मे गिऱ्हाईक म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुला-मुलींनी लावून दिलेल्या ऑर्डरी असतात. मोबाइल क्रमांक आजीचा, ऑर्डर नातवाची, मग ओटीपी कोणाच्या हातात जाणार? त्या म्हणाल्या, "भाऊ, पार्सल परत काबर येतं ते मला ठाऊक आहे, मला फक्त ते पिकअपच्या आधी कळायला पाहिजे." त्यांना हवी आहे दुपारी तीन वाजता समोर येणारी, शंका असलेल्या ऑर्डरींची एक यादी, पिनकोड जुळत नाही, पत्त्यात घरक्रमांक नाही, या क्रमांकावरचे मागचे पार्सल परत आले होते, एवढेच त्यात असावे. तुझ्याकडे हे सगळे आधीच साठवलेले आहे, फक्त तू ते सेटिंग्जच्या तिसऱ्या पानावर दडवून ठेवले आहेस. आणि ज्या ओटीपीच्या एसएमएससाठी डीएलटीवर, म्हणजे व्यापारी एसएमएसच्या सक्तीच्या नोंदणीत, टेम्प्लेट मंजूर करून घेण्यात तुझे तीन आठवडे गेले, त्या एसएमएसची त्यांना गरजच नाही.

आणखी एक सांगतो, रागावू नकोस. त्यांच्या परवानगीने तुझे प्लगिन मी तिथे बसवून पाहिले आणि ओटीपीची चौकट चेकआउटवर, म्हणजे ऑर्डर पूर्ण करायच्या पानावर, दिसलीच नाही. त्यांचे दुकान गेल्या वर्षीचे, म्हणजे चेकआउटचे पान तयार तुकडे जोडून बनणाऱ्या नव्या ब्लॉक पद्धतीचे. 2023 च्या अखेरीपासून नव्या दुकानांना तेच आपोआप मिळते आणि तू अजून जुन्या शॉर्टकोडच्या पानावरच तपासत बसली आहेस. चाळीस दिवसांत किती जणांनी प्लगिन बसवले असेल, चौकट दिसली नाही म्हणून एक शब्दही न कळवता काढून टाकले असेल, याचा विचार कर. यावर पंधरा हजारांची जाहिरात करणार होतीस.

मी इतका चिडून का लिहितो आहे, तेही सांगतो. 1996 साली मी जळगावच्या दाणाबाजारासाठी फॉक्सप्रो या त्या काळच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये अडतीचा हिशेब करणारा प्रोग्रॅम लिहिला. अकरा महिने खोलीचे दार लावून लिहिला. हमाली, तोलाई, अडत, सगळे टक्के जागच्या जागी बसवले आणि मोठ्या तोऱ्यात एका गादीवर घेऊन गेलो. मुनीमजींनी पाच मिनिटे पाहिले आणि विचारले, "यात बारदान कुठे वजा होते?" पोत्याचे वजन मालातून वजा करायचे असते, हे दाणाबाजारात चहा देणाऱ्या पोरालाही ठाऊक होते, मला नव्हते. ते अकरा महिने मला आजही सलतात. त्यानंतर मी लाज गुंडाळून त्याच गादीवर मुनीमजींच्या शेजारी सतरा दिवस बसलो, त्यांना पावत्या जुळवून दिल्या, आणि अठराव्या दिवशी त्यांनीच शेजारच्या गादीवर माझे नाव सांगितले. पहिले चार ग्राहक मला एकाच ओळीत मिळाले, एक रुपया जाहिरातीला न घालता. म्हणून सांगतो, जाऊन बैस.

माझा त्या वेळचा भागीदार म्हणायचा, तू सॉफ्टवेअर विकतोस की गप्पा? पुढे तो वेगळा झाला आणि त्याचे बरे चालले, हेही लपवत नाही. माझा धंदा चाळीस गाद्यांच्या पुढे गेला नाही, पण त्याला कारण माझे बसणे नव्हते. मी 2003 पर्यंत विंडोजच्या आधीच्या डॉसला चिकटून राहिलो, हे होते. लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात आणि मला ते अजून सहन होत नाही. एका मोठ्या व्यापाऱ्याने सहा महिने फुकट वापरू द्या, मग दहा जणांना सांगतो, असे म्हटले होते. मी नकार दिला. तो दुसऱ्याकडे गेला आणि त्याच्यामागून आणखी काही गेले. घरी आजही त्यावरून बोलणे होते. तरी माझे मत बदललेले नाही. जो फुकट घेतो तो चूक दिसली की तुला कळवत नाही, नुसता वापर थांबवतो, आणि तुला या घडीला तक्रार करणाऱ्या माणसाची सगळ्यात जास्त गरज आहे. तुझे वर्षाचे 2,400 रुपये जास्त नाहीत. ताईंची परत येणारी पार्सले थोडी कमी झाली तरी ते भाड्यातच निघतील. पण हे पैसे तिथे बसून, त्यांची यादी त्यांना दाखवून झाल्यावर मागायचे.

अशी माणसे सापडतील कुठे, हा तुझा पुढचा प्रश्न असेल. कुरिअरच्या पिकअपच्या मुलांना विचार. कोणत्या घरातून रोज वीस पाकिटे निघतात आणि कोणत्या घरी किती परत येतात, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. नंदुरबारला मिरची पावडर विकणारे आहेत, जळगावात कपडे आणि नकली दागिने विकणाऱ्या मुली आहेत. आपल्याकडे वेबसाइट करून देणारी जी पोरे आहेत, त्यांतल्या एकेकाच्या हाताखाली पंधरा-वीस दुकाने असतात. दुकानदाराच्या तक्रारीचा फोन त्यांनाच जातो, तेव्हा ती तुला आनंदाने पत्ता देतील. तुझ्यासारख्याच दुसऱ्या प्लगिनांना ज्यांनी एक तारा दिला आहे, त्यांच्या तक्रारी वाच आणि त्यांतल्या मराठी दुकानांना शोधून काढ. पण या सगळ्याचा शेवट पुन्हा त्या टेबलापाशीच व्हायला हवा. पत्ता मिळाला की ईमेल पाठवून मोकळी होशील, तर मग मी काही सांगितलेच नाही असे समज.

आणि कृपा करून मला विप्रोचे उदाहरण देऊ नकोस. 1945 साली अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून काय सुरू झाले, हे खानदेशातल्या प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकून माझे कान किटले आहेत. तुझ्यापुढे आज वर्षांचा प्रश्न नाही, पुढच्या मंगळवारचा आहे.

ताईंना मी मंगळवार सांगून ठेवला आहे. भुसावळहून फैजपूरची एसटी धर आणि एक वाजायच्या आत पोहोच, म्हणजे दुपारचे फोन सुरू होण्याआधी तू तिथे असशील. लॅपटॉप पिशवीतच राहू दे. पहिला तासभर काहीही न सुचवता त्यांना लेबले चिकटवून दे, गोल कोणाच्या नावापुढे पडतात ते पाहा, आणि साडेचारला पिकअपचा मुलगा आला की त्याच्याशीही दोन शब्द बोल. ब्लॉक चेकआउटचे तेवढे सोमवारी रात्रीपर्यंत दुरुस्त कर. येताना माझ्यासाठी बिबड्यांची दोन पाकिटे घेऊन ये, आणि त्यांचे पैसे त्यांना रोख दे.

तुझा,
काका