आखाजीसाठी शेक थांबवायचा का? उरलेल्या १७ चा हिशोब

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासऱ्यांना जिभेच्या मुळाशी कॅन्सर, नाशिकला ३५ शेक (रेडिएशन) ठरलेले, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची किमो. चौथा आठवडा संपला, पण मशीन दोन दिवस बंद होतं म्हणून १८च झाले. तोंड सोललंय. घरचे म्हणतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठवडाभर गावी रावेरला आणू, जखमा भरू देऊ, मग उरलेले १७ घेऊ.

आणू नका. घरच्यांचा हिशोब ३५ आकड्याचा आहे. डॉक्टरांचा हिशोब सात आठवड्यांत ३५ असा आहे, आणि दोन्ही एक नाहीत.

रोजचा शेक २ ग्रे (ग्रे म्हणजे शेकाचा डोस मोजायचं एकक), एकूण ७० ग्रे. सोमवारी सुरू केला तर सातव्या आठवड्याच्या शुक्रवारी, म्हणजे ४७व्या दिवशी संपतो. सुरुवातीला गाठीतल्या पेशी मरत जातात. साधारण चौथ्या आठवड्यापासून मात्र ज्या तगल्या त्या आधीपेक्षा वेगाने वाढू लागतात. विदर्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली डोकं-मानेच्या (तोंड, जीभ, घसा) कॅन्सरचा हा हिशोब मांडला. त्यानुसार तिथून पुढे रोज अंदाजे ०.६ ग्रे नुसती ही वाढच खाऊन टाकते. शनिवार-रविवारीही, सणालाही.

आता तुमच्या तारखा मांडा. उरलेत १७, ठरलेल्या मुदतीत दिवस आहेत १५. दोन जादा बसवायचे आहेत, ते सहज बसतात. पाचवा आठवडा आखाजीला गेला तर दिवस उरतात १० आणि शेक तेच १७. दोन शनिवारी जादा शेक धरले तरी पाच उरले. ते सगळे दिवसातून दोनदा द्यायचे म्हणजे सोललेल्या तोंडावर मारा. म्हणून बहुतेक ठिकाणी शनिवार न धरता उरलेले सातही शेवटी जोडले जातील आणि उपचार नवव्या आठवड्याच्या मंगळवारी संपेल, ११ दिवस उशिरा. ११ गुणिले ०.६, म्हणजे साडेसहा ग्रे, तीन शेकांहून जास्त. कागदावर ७० ग्रे पूर्ण, गाठीवर परिणाम ६३-६४ चा. गाठ जागेवरच आटोक्यात राहण्याची शक्यता अशा प्रत्येक दिवसामागे सरासरी १ ते १.४ टक्क्यांनी घटते असं धरतात. एका माणसाचं भाकीत यातून निघत नाही, पण ११ दिवस छोटे नाहीत हे दिसतं.

आणि त्या जखमा. सुट्टीत तोंड खरंच भरून येतं, म्हणून घरच्यांना वाटतं बरं केलं. तोंडाची त्वचा ज्या वाढीने भरते, तशीच वाढ गाठीतही चालू असते. फक्त ती दिसत नाही.

गेलेले दोन दिवस भरून काढायचं सोमवारीच बोला. रेडिएशनच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "शेवटची तारीख तीच राहील ना? दोन दिवस कसे भरणार?" सगळ्यात साधा उपाय म्हणजे दोन शनिवारी शेक. आठवड्याला पाचऐवजी सहा शेक डोकं-मानेच्या कॅन्सरला चालतात, उलट गुण जास्त येतो, हे डेन्मार्कच्या मोठ्या चाचणीत २००३ साली दिसलं आहे. दुसरा उपाय एकाच दिवशी दोन शेक, पण मध्ये किमान सहा तास. तेवढ्या वेळात निरोगी पेशी दुरुस्त होतात. सकाळी ९ आणि दुपारी १२ असं कोणी सोयीसाठी सुचवलं तर नको म्हणा. रोजचा डोस वाढवणं हा तिसरा मार्ग. त्याने दिवस वाचतात, पण जबड्याचं हाड आणि मानेचे स्नायू पुढे वर्षानुवर्षं त्रास देऊ शकतात, म्हणून तो डॉक्टर आणि फिजिसिस्ट (शेकाचा डोस मोजणारे) मोजूनमापूनच घेतात. नुसतं शेवटी जोडणं सगळ्यात कमकुवत. मशीन परत बंद पडलं तर त्याच दिवशी जुळत्या दुसऱ्या मशीनवर घेता येईल का, हेही आत्ताच विचारून ठेवा.

शेकात खंड तोंड, वजन आणि उन्हामुळेही पडतो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा. दर दोन-तीन तासांनी गुळण्या, पाणी रोज ताजं. शेवभाजी, मिरचीचा ठेचा, भरीत बंद. आमरस गोड असेल तर चालेल, आंबट झोंबतो. जेवणाआधी सुन्न करणारं औषध लागेल, ते मागून घ्या, सहन करण्यात काही मोठेपणा नाही. वजन दर आठवड्याला लिहा. उतरलं की चेहऱ्यावरचा जाळीचा मास्क सैल होतो, डोकं आत हलतं, मग नवा स्कॅन, नवा मास्क, नवं प्लॅनिंग, आणि त्यात दिवस जाऊ शकतात. घास जात नसेल तर नाकातून नळी लवकर घालणं बरं. नळीला घाबरून वजन घालवणारे फार.

सिस्प्लॅटिन किडनीवर येतं, त्यात खान्देशातलं ४४-४५ अंशांचं ऊन आणि गिळता न आल्याने कमी झालेलं पाणी. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वाढलं की किमो थांबते. इथे एक घोटाळा नेहमी होतो: किमो थांबली म्हणजे शेकही थांबला असं समजून लोक गावी निघतात. किमो थांबली तरी शेक चालू ठेवतात, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तरच थांबवायचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप कमी होऊन जोराचा ताप, रक्तस्राव, पाणी फुप्फुसात जाणं, अशा वेळी ते स्वतःच थांबवतील. तिथे हट्ट करू नका, फक्त गेलेले दिवस कसे भरणार ते विचारा.

महात्मा फुले योजनेत असाल तर पुढची मंजुरी आधीची संपायच्या चार दिवस आधी मागा. योजनेचे मदतनीस, आरोग्यमित्र, हॉस्पिटलमध्येच बसतात. रावेरहून रोज येणं-जाणं होणार नाही, खोली सोडू नका.

दुसऱ्यांसाठी दोन ओळी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरचा शेक आणि ब्रेकीथेरपी (आतून दिला जाणारा शेक) धरून सगळं ५६ दिवसांत संपायला हवं. दिवस जातात ते ब्रेकीच्या रांगेत, म्हणून तिसऱ्या आठवड्यातच तारीख पक्की करा. स्तन आणि प्रोस्टेटमध्ये थोडी मोकळीक असते, तरी पाच दिवसांपलीकडे ताणत नाहीत. नुसत्या वेदनेसाठीच्या शेकाला एवढं काटेकोर लागत नाही.

आखाजीला लेकी माहेरी येतील, त्यांना एक दिवस नाशिकला घेऊन या. शुक्रवारी शेक झाला की शनिवार-रविवार गावी जाऊन सोमवारी वेळेवर परत, हेही तोंड आणि शनिवारचा शेक बघून डॉक्टरांना विचारून ठरवता येईल.